चिमणी, पिपाणी, करवत

मला दार आपटता येत नाही. भांडण कितीही रंगलं, डोकं कितीही फिरलं, तरी दारापाशी गेले की माझा हात आपोआप कडीखाली जातो आणि दार असं लागतं की लागलेलं कुणाला कळूही नये. आमचे हे म्हणतात, "तुझ्या रागातली निम्मी मजा त्या म्हाताऱ्याने घालवली." खरं आहे. लग्नानंतरची माझी पहिली वर्षं ज्या घरात गेली, त्या घराच्या मालकाने मला आवाज न करता वावरायला शिकवलं आणि कान देऊन ऐकायलाही शिकवलं. पहिल्या शिकवणीचा त्रास फक्त ह्यांना होतो. दुसरीचा मला होतो, अजून होतो.

मी नाशिककडची. ह्यांची बदली नागपूरच्या मोठ्या पोस्टात झाली आणि हळद उतरायच्या आत आम्ही नंदनवनात घर बघायला गेलो. सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं आणि तेव्हा नंदनवन अगदी गावाच्या टोकाला होतं. नाव नंदनवन, पण झाड म्हणाल तर बाभूळ, आणि बाकी मोकळे प्लॉट नि धूळ. घरमालक फाटकातच उभे होते. सरकारी कचेरीतले कारकून, उंच, किडकिडीत, कानाच्या पाळ्या लांब. त्यांनी आमचं गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, घरात काय शिजतं तेही विचारलं नाही. ह्यांना म्हणाले, "जरा चालून दाखवा."

हे बापडे अंगणातून फाटकापर्यंत गेले आणि परत आले. घरमालकांनी तोवर डोळे मिटून घेतले होते.

"बुटाले खिळे आहेत," ते म्हणाले. "फाटकात काढावे लागतील." मग ओट्यावरचं एक पितळी पातेलं उचलून त्यांनी माझ्या हातात दिलं. "बाई, हे खाली ठेवा."

मी ठेवलं. ठण्ण झालं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"शिकान तुम्ही हळूहळू. या राह्याले."

बाहेर पडल्यावर हे म्हणाले, "वेडा आहे माणूस." मी म्हटलं, "असू दे. विहिरीला पाणी आहे." तिथल्या एका उन्हाळ्यात मला पुरतं कळलं की दोघांचंही बरोबर होतं.

घर म्हणजे पुढे मालकांच्या दोन खोल्या, भिंतीला भिंत लावून आमच्या दोन, आणि अंगणाच्या मागच्या बाजूला एक खोली. तिथे एक मास्तरीणबाई एकट्या राहायच्या. फाटकाच्या कडीला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली होती, म्हणजे कडी वाजायची नाही. विहिरीच्या रहाटाला रोज तेल. बादली ओढायची नाही, उचलायची. पाटा वरवंटा वापरायचा तर खाली पोतं घालून. रेडिओ लावायचा, पण माणूस रेडिओपाशी जाऊन ऐकेल इतकाच. दुपारी कुणी हाक मारायची नाही, जवळ जाऊन बोलायचं. माझी मुलगी पुढे त्या घरात जन्मली आणि बोलायला लागली तीच कुजबुजत. शाळेत घातल्यावर बाईंनी मला बोलावून विचारलं, घरात कुणी आजारी आहे का. मी हो म्हटलं. तोवर मला कारण कळलेलं होतं.

ते कळलं कूलरमुळे. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी घराबाहेर पडणारा माणूस एकतर वेडा असतो नाहीतर पोस्टातला. हे रोज लालबुंद होऊन परतायचे. शेवटी ह्यांनी बर्डीच्या बाजारातून पत्र्याचा एक कूलर आणला, सायकलरिक्षात घालून, त्याला कवटाळून बसून. काका, आम्ही त्यांना काका म्हणू लागलो होतो, ओसरीवरून उठले आणि फाटकात आडवे झाले.

"हा डब्बा इथं लागणार नाही."

"अहो, पण काका, आमचं मीटर वेगळं आहे," हे म्हणाले.

"मीटरचा प्रश्नच नाही ना बाप्पा."

ह्यांचा आवाज चढला, काकांचा मुळीच चढला नाही. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, तू इकडे ये." आणि मला घेऊन ते आमच्याच खोलीत आले. मधल्या भिंतीपाशी मला उभं करून म्हणाले, "कान लाव."

मी कान लावला. आधी काही नाही. मग भिंतीपलीकडून बारीकसा आवाज यायला लागला. चिव्, थांबून पुन्हा चिव्, वळचणीला चिमणीचं पिल्लू असावं तसा.

"चिमणी?" मी विचारलं.

काकांचा चेहरा एकदम उजळला. "बरोब्बर! मी पण चिमणीच म्हणतो. तो हिचा श्वास आहे. आता तुमचा डब्बा सुरू झाला का मले हा ऐकू येईन काय, सांग."

काकूंना दमा होता. मी त्यांना ओसरीवर बसलेल्या पाहिल्या होत्या, गोऱ्या, ठेंगण्या, सदा हसऱ्या. जरा कमी बोलतात एवढंच वाटलं होतं. त्या कमी बोलत, कारण एका वाक्याला त्यांना दोन श्वास लागत. मूलबाळ नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून हा माणूस त्यांचा श्वास ऐकत होता आणि त्या श्वासाच्या वाटेत दुसरा कुठला आवाज येऊ नये म्हणून त्याने घर असं गप्प करून ठेवलं होतं. कूलर मग माझ्या स्वयंपाकघरात गेला. त्यात मी कांदे ठेवायची. एका वर्षी त्यात मांजर व्यायली.

काका तेव्हा अजून नोकरीत होते. ते कचेरीत गेले की मागे ऐकायचं कुणी? तोवर मास्तरीणबाई ऐकायच्या, पण त्यांची शाळा दुपारची झाली होती. मग ती पाळी माझ्याकडे आली. एका सकाळी काकांनी मला ओसरीवर बसवून रीतसर शिकवणी दिली.

"चिमणी असली का काही नाही. आपलं काम करत राह्य. पिपाणी वाजाले लागली का पाणी तापव, वाफ दे आणि डबीतली पांढरी गोळी दे. आणि करवत लागली, घर्र घर्र, लाकूड कापल्यासारखं, तं मंग थांबू नोको. रिक्षा बोलाव आणि डॉक्टरकडे ने. मी येतो मागून."

"आणि काहीच ऐकू आलं नाही तर?" मी विचारलं.

"काहीच नाही?" काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आकाशातला चंद्र मागितला होता. "अवं पोरी, काहीच नाही ऐकू आलं तं श्वास मोकळा झाला म्हणायचा! त्या दिवशी मी तुले जिलबी खाऊ घालीन. साऱ्या नंदनवनाले खाऊ घालीन."

आतून काकू म्हणाल्या, "ह्याईच्या जिलबीची... वाट पाहून राहिली मी... लग्न झाल्यापासून."

आम्ही तिघंही हसलो. मी ते हसणं विसरू शकत नाही.

काकूंना धूळ सोसत नसे, थंडी सोसत नसे, पाऊस तर नाहीच. त्यामुळे त्या फाटकाबाहेर पडत नसत. बाजारातून आलेला माणूस काय पाहिलं ते सांगतो, काका काय ऐकलं ते सांगत. बर्डीवरून आले की पिशवी खाली ठेवायच्या आत काकू विचारत, "काय ऐकलं?" आणि काका खुर्चीत बसून सुरू होत. कापडाच्या दुकानात लठ्ठा फाडताना कसा चर्रर्र आवाज येतो. उसाच्या रसाच्या चरकाला बांधलेल्या घुंगरातलं एक घुंगरू फुटकं कसं आहे. चौकात दोन सायकलरिक्षावाले भांडत होते, पण एकाच्या आवाजात राग नव्हता, भूक होती. संत्र्याच्या ढिगावर संत्रं टाकलं की कसा आवाज येतो, आणि तेच संत्रं सडकं असलं तर कसा.

एकदा काकूंना लुगडं आणायला गेले आणि रिकाम्या हाताने परत आले.

"काहून जी?" काकूंनी विचारलं.

"दुकानात सारं टेरिलीनच होतं. फाडलं तरी आवाज नाही. मुकं कापड. मी नाही घेतलं."

"मले नेसाले लुगडं पाहिजे होतं जी. गाणं नाही."

या माणसापासून घरात काही लपत नसे. ह्यांच्याशी माझं बिनसलं की मी कणीक जरा जोरात तिंबते हे काकांना भिंतीपलीकडून कळे. दुसऱ्या दिवशी ते ह्यांना फाटकात गाठून म्हणत, "काल पोळ्या कडक झाल्या असतीन गा." काकू म्हणायच्या, "मी चोरून गूळ खाल्ला... तरी ह्याईले ऐकू येते." कुणी त्यांच्या कानांचं कौतुक केलं की काकांचं एक वाक्य ठरलेलं असे. "डोळे मिटता येतात. तोंड मिटता येते. कान काही मिटता येत नाही. आता देवानंच बिनदाराचे ठेवले, मी काय करू?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते सुरू झालं की मी हळूच आत सटकायची.

एका आवाजाला मात्र त्या घरात मोठ्याने परवानगी होती. मास्तरीणबाई सकाळी अंघोळ करून बुद्धाच्या छोट्या मूर्तीपुढे बसत आणि वंदना म्हणत. काका मागच्या दाराशी जाऊन म्हणत, "मास्तरीणबाई, जरा मोठ्यानं. हिचा श्वास तुमच्या मागं मागं चालते." आणि ते खरं होतं. ओळीच्या शेवटी बाई थांबायच्या, तिथे काकूंचा श्वास बाहेर पडायचा. मी पोहे करता करता हे ऐकत असे आणि मला उगाचच आज सगळं ठीक होणार असं वाटत असे.

काकूंचं माहेर कन्हानचं. नदीच्या जवळ घर होतं. पुलावरून गाडी गेली की फडताळातली भांडी थरथरायची, असं त्या सांगत. आईवडील गेले, भावाने घर विकलं, तरी काकूंना ते घर आठवायचं ते त्या आवाजाने. एका हिवाळ्यात करवत बरेच दिवस चालली. जरा बरं वाटल्यावर त्या म्हणाल्या, "एकदा तो पुलाचा आवाज... ऐकाले मिळाला असता." झालं. येणाऱ्या रविवारी काका मला काकूंजवळ बसवून एसटीने कन्हानला गेले. तिथे कुणाकडे गेले नाहीत, जेवले नाहीत. नदीकाठी पुलाजवळ बसून जाणाऱ्या येणाऱ्या गाड्या ऐकल्या आणि संध्याकाळी परत आले.

आल्यावर पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली, म्हणजे उचलली, आणि पालथी घातली. मांडी घालून बसले आणि दोन्ही हातांच्या बोटांनी, अंगठ्याच्या पेरांनी ती वाजवायला लागले. आधी दुरून येणारी गाडी, मग पुलावर चढलेली. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. मी दारात उभी होते. साठीला टेकलेला माणूस पालथ्या ट्रंकेवर आगगाडी वाजवतोय, हसू यायला हवं होतं.

"नाही जी," काकू म्हणाल्या. "मालगाडी असली... तं एवढ्या लवकर नाही संपत."

काकांनी पुन्हा वाजवली. लांबच लांब. घामाने त्यांची बंडी भिजली.

"आता बरोबर. पण पूल संपला का... आवाज जमिनीत जाते."

काका थांबले. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, काकूंच्या पायाशी असलेली गोधडी घेतली, ट्रंकेवर टाकली आणि न थांबता तिच्यावरून वाजवत राहिले. धडधड एकदम मऊ झाली, मातीतून जाणाऱ्या गाडीसारखी, आणि लांब लांब जात संपली.

काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आलं," त्या म्हणाल्या. "आलं माहं घर." मी तिथून निघून माझ्या खोलीत आले आणि रडले. असं कुणी आपल्यासाठी कधी करील का, हा विचार मनात आला आणि ह्यांचा विनाकारण रागही आला.

काका निवृत्त झाले आणि मग दिवसभर ओसरीवरच असत. मला वाटलं, आता माझी पाळी संपली. पण ते जरा कुठे निघाले की "पोरी, कान दे" म्हणत, आणि मी देत असे. वर्षं गेली. माझी मुलगी मोठ्या शाळेत जायला लागली. काकू थोड्या थोड्या बारीक होत गेल्या. उशांची उतरंड वाढत गेली, त्या आता बसूनच झोपत. चिमणीचे दिवस कमी झाले.

तो जानेवारी होता. संक्रांत होऊन गेली होती. करवत अशी लागली होती की ती अंगणात, विहिरीवर, मास्तरीणबाईंच्या खोलीत, सगळीकडे ऐकू येत होती. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले, औषध बदलून गेले. दवाखान्यात ठेवा म्हणाले, पण काकूंनी हात हलवून नको म्हटलं. काका खुर्ची पलंगाला लावून बसले होते. त्यांची दाढी वाढली होती. त्या आवाजात मी स्वयंपाक करत होते, मुलीची वेणी घालत होते. सांगायला लाज वाटते, पण कंटाळाही आला होता. हा आवाज एकदा थांबू दे, असं घरातल्या प्रत्येकालाच वाटत असणार.

एका दुपारी मी अंगणात पापड उलटवत होते. एकाएकी काहीतरी बदलल्यासारखं वाटलं, काय ते कळेना. तेवढ्यात काका बाहेर आले. अनवाणी. एक हात वर धरलेला.

"ऐक," ते म्हणाले.

मी ऐकलं. दूरवर छोट्या लायनीच्या आगगाडीची शिटी वाजली. कुणीतरी रस्त्यावरून सायकल नेली.

"काही ऐकू येत नाही, काका."

"तेच तं!" काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. "काहीच नाही ऐकू येत. काहीच नाही वं! श्वास मोकळा झाला तिचा. डोळे मिटून शांत बसून आहे. इंजेक्शन लागू पडलं."

आणि मग तो माणूस ओरडला. इतक्या वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "मास्तरीणबाई!" रविवार होता, हे बाजारात गेले होते, पण बाई घरी होत्या. "मास्तरीणबाई, या बाहेर! पोरी, रेडिओ लाव तुझा! मोठ्यानं लाव!" मास्तरीणबाई धावत आल्या. त्यांनी माझे हात धरले, मी त्यांचे धरले. आम्ही खरंच आनंदलो होतो. मुलीने रेडिओचं बटण फिरवलं, आणि त्या घरात पहिल्यांदा गाणं अंगणापर्यंत आलं. काकांनी पायात चपला सरकवल्या.

"मी जिलबी घेऊन येतो. तिले उठवू नोका. कधीची झोपली नाही बिचारी."

ते फाटकातून जवळजवळ पळतच गेले. मी हात धुतले आणि काकूंजवळ बसायला आत गेले.

काकू झोपल्या नव्हत्या. उशांना टेकून बसल्या होत्या. डोळे उघडे. ओठ जांभळे पडले होते. गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला खोल आत ओढला जात होता आणि तरी आवाज नव्हता. छाती हलत होती, पण हवा आत जात नव्हती. मी "काकू" म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि दाराकडे पाहिलं, काका गेले त्या दाराकडे.

मी मास्तरीणबाईंना हाक मारली. रेडिओमुळे त्यांना ती दुसऱ्यांदा मारल्यावर ऐकू आली.

आम्ही दोघींनी काकूंना उचलून रिक्षात घातलं. वळणावर काका भेटले, हातात कागदाचा पुडा, पाक कागदातून गळत होता. रिक्षात चढून त्यांनी काकूंना छातीशी धरलं आणि आपला कान त्यांच्या पाठीला लावला. तसाच लावून बसले. दवाखाना येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

काकू गेल्या, ते दवाखान्यात पोचल्यावर थोड्याच वेळाने.

तरुण डॉक्टर होता, चांगला मुलगा. मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात म्हणाला, "आवाज बंद झाला तेव्हाच आणायला हवं होतं, ताई. शिट्टी वाजते म्हणजे हवा जात असते. हवाच जात नसली तर आवाज कशाचा येणार?" मी त्याला डोळ्यांनी खुणावत होते, बोलू नका म्हणून. पण काका पलीकडच्या बाकावर बसले होते. त्यांच्यापासून काय लपणार होतं? ते तिथून म्हणाले, "हो जी. बरोबर आहे." एवढंच.

त्यांनी श्वासांना नावं दिली होती. चिमणी, पिपाणी, करवत. शांततेला त्यांनी नाव दिलं नव्हतं, तिला ते जिलबी म्हणत होते. मी त्यांना पुढे पुष्कळदा सांगितलं की कुणालाही तसंच वाटलं असतं, मलाही वाटलं, मास्तरीणबाईंना वाटलं. ते मान हलवायचे. "तू नवी होती," असं म्हणायचे, जणू मी त्या घरात कालच आले होते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी फाटकाच्या कडीची पट्टी सोडली. हे संध्याकाळी आले तेव्हा कडी खण्णकन वाजली आणि मी स्वयंपाकघरात दचकले. पट्टी घडी करून काकांनी खिशात ठेवली होती.

उन्हाळा आला. कूलरचं नाव काढायची माझी छाती नव्हती. एका दुपारी काकाच आमच्या दारात आले. "काहून वं, तो डब्बा नाही लावत?" मी काहीतरी पुटपुटले. त्यांनीच आत जाऊन कूलरमधले कांदे टोपलीत काढले, जुना वाळा फेकला, नवा आणून बसवला, पाणी भरलं आणि बटण दाबलं. घर्रर्र करत तो सुरू झाला. काका आपली खुर्ची घेऊन आले आणि कूलरच्या तोंडाशी बसले. आम्ही म्हटलं, चला, म्हाताऱ्याला जरा गारवा. ह्यांना तर फार बरं वाटलं.

पावसाळा लागला तशी सगळ्या नागपूरने कूलर काढून ठेवले. काकांनी स्वतःसाठी एक विकत आणला. तो त्यांच्या खोलीत, काकूंचा पलंग होता तिथे ठेवला. त्यात पाणी घालत नसत. नुसता पंखा, पत्र्याचा डबा आणि घरघर, सकाळपासून झोपेपर्यंत. दिवाळी झाली, थंडी पडली, तरी चालूच. अंगाभोवती गोधडी, डोक्याला मफलर आणि समोर कूलर. आजूबाजूचे लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पोट्टे फाटकातून डोकावून हसायचे. ह्यांनी समजावलं, मास्तरीणबाईंनी दटावलं, "काका, निमोनिया होईन तुम्हाले." ते कुणाला काही बोलत नसत. आमच्या हाका त्यांना ऐकू येत नसत किंवा तसं ते दाखवत.

एका दुपारी मी सरळ आत गेले आणि बटण बंद केलं. रागाने केलं. ते असे थंडीत कुडकुडत बसलेले मला पाहवत नव्हते.

पंखा फिरत फिरत थांबला. काकांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

"बंद नोको करू पोरी."

"का काका? आजारी पडाल."

"बंद केला का ऐकू येते."

"काय ऐकू येतं?"

"काहीच नाही," ते म्हणाले. "काहीच नाही ऐकू येत वं. तेच ऐकू येते."

मी उभी राहिले. बटण पुन्हा दाबायचं तर मन होईना, आणि न दाबता निघून जायचं तर तेही होईना. माझ्या ओच्यात तुरीच्या ओल्या शेंगा होत्या, भाजीवालीकडून नुकत्याच घेतलेल्या. त्यांचे कोवळे दाणे, सोले म्हणतात तिकडे, हिवाळ्यात घरोघर होतात. मी ओट्यावरचं ते पितळी पातेलं घेतलं, उंबऱ्यात बसले आणि शेंगा सोलायला लागले. शेंग तट्‌कन फुटायची, दाणे टण टण पातेल्यात पडायचे. मी ते मुद्दाम जरा वरून टाकत होते.

काकांचे हात खुर्चीवरून सुटले. थोड्या वेळाने त्यांनी डोळे मिटले. मान एका बाजूला कलली, पूर्वीसारखी.

"पातेलं भरत आलं का आवाज बसत जाते," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

"तिले सोले आवडत. वांग्यात."

मी सोलत राहिले. दाण्यांवर दाणे पडायला लागले आणि आवाज खरंच मऊ होत गेला, गोधडी टाकल्यासारखा. मग ओचा रिकामा झाला. मी शेवटची शेंग सोलली आणि माझे हात थांबले. काकांनी डोळे उघडले नाहीत. त्यांचा हात चाचपडत बटणाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी मी भाजीवालीला जास्त शेंगा द्यायला सांगितल्या. तिसऱ्या दिवशी तिने न विचारताच टोपली माझ्या ओसरीवर उतरवली. आमची बदली व्हायला अजून अवकाश होता आणि काका जायलाही. त्या हिवाळ्यात आमच्या घरी रोज सोल्यांचं वांगं, सोल्यांची आमटी, सोल्यांचा भात होता. एकदा हे ताटावर बसले आणि म्हणाले, "आज पुन्हा सोले?"

"हो," मी म्हटलं. "उद्यापण."